यादीतलं पाचवं नाव

सोमवार, ३ जून
रुग्णालयातल्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! काम माझ्या आवडीचं: चार सर्व्हर, सगळ्यांत मिळून एकच मोठी डिस्क, चौघांवरही माउंट केलेली, म्हणजे एकाच वेळी जोडलेली. त्यासाठी खास फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली लिहायची-ठेवायची पद्धत, लागते. साधी वापरली तर सर्व्हर एकमेकांचं लिहिलेलं खोडतात आणि सगळ्याचा विचका होतो. साहेब म्हणाले, माझ्या आधी या जागेवर होते त्यांनी, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, नेमकं तेच केलं. रुग्णालयाच्या नऊ वर्षांच्या नोंदी गेल्या. ताईला फोन केला. म्हणाली, लगेच शहाणपणा पाजळू नकोस.

बुधवार, ५ जून
पहाऱ्यावरच्या बाई सांगत होत्या, कामावरून काढल्यावर आठवड्यातच मास्तरांनी जीव दिला. दुपारी जुना लॉग वाचला; कुणी कधी कुठली आज्ञा दिली, याची यंत्रानं ठेवलेली नोंद. साधी फाइलसिस्टिम टाकायची ती आज्ञा साहेबांच्या खात्यावरून गेली होती. मास्तर त्या दिवशी रजेवर होते.

गुरुवार, ६ जून
साहेबांना लॉग दाखवला. त्यांनी दार लावून घेतलं. "माणूस गेला. आता कुणाला फरक पडतोय? पुसून टाक."
आठ महिने नोकरीविना घरी बसून काढलेत मी. पुसला.

सोमवार, १० जून
डिस्क माउंट केलेल्यांच्या यादीत आज पाच नावं. पाचवं: मास्तर. रॅकमागे जाऊन तारा मोजल्या. यंत्रं चारच. पुसलेला लॉग डिस्कवर परत आलाय. पुन्हा पुसला. जेवून आले, तर होता तिथेच.

मंगळवार
साहेबांनी स्वतः पाचव्याला अनमाउंट करायला, डिस्कवरून काढून टाकायला घेतलं. उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. चिडून त्यांनी केबल उपटायला हात घातला. वीज बंद होती, बटण मीच दाबलं होतं — तरी हात चिकटला. सुटेना. सुटला तेव्हा साहेब गेले होते.
बिघडलेल्या सर्व्हरनं डिस्क नासवू नये म्हणून बाकीचे त्याची वीज तोडतात, तेव्हा पडते तशी ओळ लॉगमध्ये: साहेब, धोकादायक, तोडला. वेळ ११:३४. त्यांनी केबल धरली ११:३५ ला.

बुधवार
मास्तरांच्या बायकोला सगळं खरं लिहून पाठवलं. साहेबांचं. लॉगही जोडला.
संध्याकाळी उत्तर: "पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, पुसलं कुणी ते नाही लिहिलं."

गुरुवार. सकाळ
घरीच आहे. मेन स्विच पाडलाय. लॅपटॉप तरी चालू — यादीत सहावं नाव. माझं. पुढे धोकादायक. वेळ १०:१२.
घड्याळात १०:१२.
बाई, पुसलं मी. दोनदा. मास्तरांना सांगा, मी स्वतः सगळ्यांना — बोटं सुटत नाहीत पेनाव