मंगळवारचा पाट

प्रिय सुलू,

तुला जाऊन सहा वर्षं झाली. लिहावंसं आज वाटलं, कारण काल कुंभिवलीला तुझ्या सासरी गेले होते. ओटीवर आरोग्य केंद्राची आशाताई एक पत्रक वाचून दाखवत होती. आज एखाद्याला जीव लावायचा, उद्या त्याचं तोंड बघायचं नाही. कोणी सोडून जाईल या भीतीने आकांत करायचा. स्वतःलाच इजा करायची. "हा व्यक्तिमत्त्वाचा आजार असू शकतो. उपचार असतात याला," ती म्हणाली.

सुलू, ती तुझ्याबद्दलच वाचत होती गं!

तुझ्या सासूबाई फिस्कारल्या, "आमच्या सुनंच्या अंगात देवी होती. तुझ्या कागदाला काय कळतंय?"

आठवतं, शाळेतून येताना मी मैत्रिणीशी दोन शब्द बोलले की तू रस्त्यातच फतकल मारायचीस? "ताई, मी मेले तर रडशील?" मी म्हणायचे, "आधी मर तरी!" काय बोलून गेले मी!

लग्नानंतर तुझं रडणं-ओरडणं वाढलं, तेव्हा सासूबाईंनीच ठरवलं, "येडी नाय ती, अंगात येतंय." किती हायसं वाटलं सगळ्यांना! मळवट भरला, दर मंगळवारी पाट मांडला. शिळफाट्याहून बायका नारळ घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. आणि मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली मी? मीही तुझी ओटी भरली.

तेव्हा तू माझा पदर धरून पुटपुटलीस, "देवी नाही गं ताई, मीच आहे. डॉक्टरकडे ने ना." मी म्हटलं, "हळू बोल, बायका ऐकतील. पुढच्या आठवड्यात बघू."

कशाला भ्याले मी? तुला वेडी म्हणतील म्हणून, की मला वेडीची बहीण म्हणतील म्हणून?

त्या आठवड्यातच तू स्वतःला संपवलंस. "देवीनं नेली," लोक म्हणाले. मीही होकारार्थी मान हलवली.

आता तुझी लेक मीना. काल आशाताई गेल्यावर ती अशीच ऊर फुटेस्तोवर रडली, आणि सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "आईची गादी पोरीनं चालवायची. मंगळवारी पाट मांडू." मीनाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, सुलू. पुन्हा!

रात्रभर स्वतःची लाज वाटत राहिली. सोमवारी मीनाला कर्जतला डॉक्टरकडे नेणार आहे. उशीर झालाय का? ती बरी होईल का? माहीत नाही. माझ्याजवळ आशा फारशी उरलेली नाही. पण कोणी दार अडवलं, तर ओटीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन: सुलू आजारी होती. तिने मदत मागितली होती. माझ्याकडे.

तुझी,
ताई