एकतीस खरे कण

प्रिय आई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. माफीचं पत्र समजून उघडलं असशील तर आधीच सांगते, तसलं यात काही नाही.

रविवारी सभागृहात अख्ख्या गावासमोर तू विचारलंस, “कारखान्याने तुला केवढ्याला विकत घेतलं गं?” त्याचं उत्तर आता ऐक.

गेल्या वर्षी तू खाडीचं पाणी भरून माझ्याकडे प्रयोगशाळेत पाठवलंस. आमचा सूक्ष्मदर्शक केसाहून बारीक कणावर प्रकाश टाकतो आणि परतलेल्या प्रकाशावरून तो कण कशाचा ते ओळखतो. एका लिटरात प्लॅस्टिकचे चारशे बारा कण निघाले. मी ते लेखात छापलं. तू तो आकडा फलकावर रंगवून, खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या त्या कारखान्याच्या फाटकाशी थंडीत उभी राहिलीस. केवढा अभिमान वाटला होता मला! त्याच आकड्यापायी कोपनहेगनच्या बाजारात टॉर्किलकाकांचे आपल्या खाडीतले शिंपले कुणी घेईना आणि त्यांनी होडी विकली.

मार्चमध्ये मी नुसतं शुद्ध केलेलं पाणी तपासलं. त्यातही जवळजवळ तेवढेच कण! दोन आठवडे मी प्रयोगशाळेतली एकेक वस्तू तपासत राहिले. शेवटी चोर सापडला, माझेच हातमोजे. साच्याला चिकटू नयेत म्हणून त्यांना साबणासारखं काहीतरी लावलेलं असतं. ते झडतं आणि यंत्राला प्लॅस्टिक वाटतं. मग उघड्या हातांनी सगळं पुन्हा मोजलं. शुद्ध पाण्यात एकही नाही. खाडीच्या पाण्यात एकतीस.

आमचे प्रमुख बेंट म्हणाले, “कशाला बोभाटा करतेस? आकडा चुकला, पण बाजू तर बरोबर आहे ना?” तुझ्या रविवारच्या प्रश्नाचा अर्थ तरी वेगळा काय होता, आई? दोघांनाही माझं उत्तर एकच, नाही. लेख मी मागे घेतलाय. टॉर्किलकाकांच्या दारात जाऊन तोंडावर सांगितलं, “चूक माझी होती.” त्यांनी दार लावून घेतलं. लावू देत. मी पुन्हा जाईन.

कारखान्याचे साहेब सध्या खुशीत आहेत, प्रकरण मिटलं म्हणून. मिटलं कसलं! एकतीस कण आहेतच, आणि हा आकडा आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. ते येतात कुठून, एवढंच शोधायचं राहिलंय. सांडपाण्याचा नळ ओहोटीला कुठे उघडा पडतो, हे गावात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यासाठीच लिहितेय. शनिवारी सकाळी आठला काचेच्या बरण्या घेऊन मी धक्क्यावर असेन. तू आली नाहीस तर एकटी जाईन, चिखलात रुतले तरी जाईन. आलीस तर माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस, हवं तर. फक्त होडी तू वल्हव, पाणी मी भरते.

हट्टीपणात तुझ्यावरच गेलेली, तुझीच
सोल्वाई