वाचा कुणाची बसली होती

बेस्ट, नेदरलँड्स
१० जून २०२०

प्रिय रवी,

नमस्कार. तुझे गुडघे आणि उल्कावहिनींचा दमा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. मी दोन महिन्यांसाठी लेकीकडे आलो आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकलो. पण मजेत आहे. नात माझं मराठी सगळं ऐकून घेते आणि डचमध्ये उत्तर देते. मी मान डोलावतो. परवा कळलं की अशीच मान डोलावून मी तिच्याबरोबर सायकलने आईस्क्रीम खायला जायचं कबूल केलंय. त्र्याहत्तराव्या वर्षी सायकल! एकदाच पडलो, तेही हिरवळीवर.

शेजारी ट्रूसबाई राहतात, वय शहाऐंशी. रोज चार वाजता कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, मध्ये दीड मीटर अंतर, आणि कॉफी. मी बॉम्बर विमानात नॅव्हिगेटर होतो हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या महायुद्धात रात्री आमच्या छपरावरून बॉम्बर जायचे. मी पांघरुणात विचार करायचे, वर बसलेल्यांनाही भीती वाटत असेल का?"

मी लगेच आपली एकाहत्तरची गोष्ट काढली. कॅनबेरा बॉम्बरमधली आपली पहिली रात्रीची मोहीम. सीमा ओलांडताच पायलटची, म्हणजे तुझी, वाचा बसली आणि मी तुला पुरणपोळीची कृती विचारून बोलतं केलं. एकोणपन्नास वर्षं सांगतोय, लोक पोट धरून हसतात.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नशीब, तुम्ही तरी घाबरला नव्हता."

कप हातात तसाच राहिला, रवी.

वाचा माझी बसली होती. खालून तोफा सुरू झाल्या, तू तीनदा दिशा विचारलीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू ओरडला नाहीस. म्हणालास, "चंदू, तुझी आई पुरणपोळी कशी करते रे?"

"डाळ... डाळ शिजवते."

"मग?"

"गूळ घालते."

जायफळापर्यंत आलो तेव्हा कुठे मला समोरचा नकाशा दिसायला लागला.

परतल्यावर मेसमध्ये मी हे सगळं उलटं सांगितलं. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. तुझं नाव 'मौनीबाबा' पडलं ते पडलंच. पुढे तू मेळाव्यांना येणं सोडलंस. रविकांत माणूसघाणा झालाय, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी ट्रूसबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कुंपणावरून केकचा दुसरा तुकडा सरकवला.

मग रविवारी स्क्वाड्रनच्या व्हिडिओ कॉलवर, अकरा म्हाताऱ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं, माझाच माइक बंद आहे. तेवढ्यात आपले नव्वदीचे कमांडिंग ऑफिसर कडाडले, "आम्हाला काय सांगतोस? त्याला सांग!"

फोनवर मी पुन्हा विनोद करून सुटलो असतो, म्हणून हे पत्र. कॉल दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो, लिंक वहिनींना पाठवली आहे. आलास तर सगळ्यांना आनंद होईल. नाही आलास तरी यापुढे ही गोष्ट जशी घडली तशीच सांगितली जाईल.

माफ कर, रवी.

तू सुखरूप परत आणलेला,
चंद्रहास