सुखरूप असल्याची ओळ

३ जून, सोमवार
कॉलेजने इंटर्नशिपची रोज नोंद ठेवायला सांगितली आहे. रोज नेमाने काही करणाऱ्यांतली मी नाही, पण पहिला दिवस इतका मजेत गेला की लिहिल्याशिवाय राहवत नाही. बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस म्हणजे काहीतरी झगमगीत असेल अशी माझी समजूत होती. निघाली एक लांबट खोली, अकरा कॉम्प्युटर आणि एक एसी, ज्याच्याखाली बसायला कोणीच तयार नसतं. अर्थात ती जागा मला मिळाली. डेस्क सांभाळणाऱ्या ताई चष्मा डोक्यावर चढवतात आणि मग दिवसभर तोच शोधत फिरतात. त्यांनी शेजारी बसवून सगळं दाखवलं. एक नियम मात्र तीनदा बजावला. एकदा साइटवर गेलेली बातमी पुसायची नाही, कारण पुसली की वाचकांना वाटतं आपण काहीतरी दाबतोय. चूक झाली तर खाली वेळ टाकून पुढची ओळ जोडायची.

घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले की तुमच्या गाडीला रिव्हर्स गिअरच दिसत नाही. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो आणि ती सवय इतकी अंगात मुरली आहे की घरी आईने बोलण्याचा वेग वाढवला तरी त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो.

५ जून, बुधवार
आज मोठा गोंधळ घातला. ताईंनी सरावासाठी एक खोटी बातमी लिहायला सांगितली, माणूस बेपत्ता झाल्याची. काही सुचेना, म्हणून बाबांनाच बेपत्ता केलं. ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ सकाळी कामावर निघाले आणि पोहोचलेच नाहीत, असं लिहून त्यांचं खरं नाव घातलं. फोनमध्ये त्यांचा लायसन्ससाठी काढलेला फोटो होता, तोही लावला. ताईंनी वाचून पाठ थोपटली. त्या खुशीत मी जतन करण्याऐवजी शेजारचं बटण दाबलं आणि बातमी थेट साइटवर गेली.

लक्षात येईपर्यंत अकरा जणांनी वाचली होती. मी पुसू का म्हणून विचारलं, तर ताईंनी नियमाची आठवण करून दिली. संबंधित गृहस्थ घरी सुखरूप आहेत एवढी ओळ जोड, विषय संपला, असं त्या म्हणाल्या. मी जोडली. घरी बाबांना दाखवलं तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले.

७ जून, शुक्रवार
सुखरूप असल्याची ओळ गायब आहे. तिच्या जागी लिहिलंय की तिसऱ्या दिवशीही शोध सुरूच. खाली माझं नाव. मी हे लिहिलेलं नाही. सिस्टीम बघणाऱ्या माणसाने तपासून सांगितलं की ओळ माझ्याच कॉम्प्युटरवरून, सकाळी अकरा वीसला गेली. अकरा वीसला मी तिथेच बसले होते, खेळाच्या बातमीतली शुद्धलेखनाची चूक काढत.

ओळ पुन्हा टाकली. जेवून आले तर पुन्हा नाही. वाचक चार हजार झालेत. ताई म्हणाल्या की बेपत्ता माणसाची बातमी चालतेच. मी त्यांना पुन्हा सांगितलं की ती खोटी आहे, तुम्हीच लिहायला लावली होती. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

१० जून, सोमवार
बाबा साडेदहालाच घरी परत आले. त्यांची गाडी दुसऱ्या शिक्षकाला दिली आहे. बाबा काउंटरसमोर उभे होते, आणि स्कूलचे मालक त्यांच्या देखत आईला फोन करून सांगत होते की तुमचे मिस्टर सापडेपर्यंत आम्ही जागा भरत नाही, नुसती सोय केली आहे. बाबांनी हा किस्सा आम्हाला हसत सांगितला. पण नेहमीसारखे नाही हसले.

११ जून
शेजारच्या काकू आल्या. दार बाबांनी उघडलं. काकू त्यांच्या बाजूने आत शिरल्या आणि मला रागावल्या की दार असं सताड उघडं काय टाकता. मग आईला जवळ घेतलं. आई सांगत होती की अहो, हे काय, हे इथेच आहेत. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. धक्क्यात असं होतं म्हणाल्या.

बाबा दाराशीच उभे होते. कडी हातात धरून.

१२ जून
ताईंना कुटुंबाची प्रतिक्रिया हवी आहे. मी बाबांना फोन केला आणि तो ताईंच्या कानाला लावला. मला बाबांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता, ते आपलं नाव, पत्ता सांगत होते. ताईंनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन परत दिला. कोणीच बोलत नाहीये म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मला माझे बाबा हवेत, एवढंच म्हणाले मी. मान वर केली तर समोरच्या स्क्रीनवर मथळा होता – ‘मला माझे बाबा हवेत’, मुलीचा टाहो.

माझी बोटं कीबोर्डवर नव्हती. नव्हती.

१३ जून
बाबांना घेऊन ऑफिसला गेले. ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. सांगितलं, हे बघा, हे बाबा. ताईंनी बघितलं. मग आपली बॅग उचलून त्या खुर्चीवर ठेवली. बाबांच्या मांडीवर.

त्यांनी ती धरली. पडू नये म्हणून. ताई मला सुट्टी घ्यायला सांगत होत्या, आणि बाबा बॅग धरून बसले होते.

१४ जून
आईने दोन कप चहा ओतला. तिसरा – मी म्हटलं, बाबांचा? तेव्हा दचकली. खूप रडली, माफी मागत राहिली. पण माफी मागताना ती चुकीच्या खुर्चीकडे बघत होती.

माझ्यामुळे झालं हे. मी लिहिलं. बाबा म्हणतात, चालायचंच, शिकताना गाडी बंद पडतेच. निदान असं म्हणाले असावेत. आवाज फार बारीक येतो आहे.

१५ जून
सुखरूप आहेत – सुखरूप आहेत – सकाळपासून चाळीस वेळा टाकली ओळ. एकदाही टिकली नाही.

दुपारी नवीन ओळ आली. शोध थांबवला.

१६
आई फोटोला हार – मी काढून घेतला. मला म्हणाली, आता मन घट्ट कर.

बाबा समोर आहेत. सरळ बघितलं की दिसतात. नजर हलली की शोधावं लागतं.

अजून १६
ओठ हलताहेत. ऐकू येत नाही. एकच गोष्ट परत परत सांगताहेत – मला कळत नाही बाबा, मला कळत –

वहीकडे खूण केली. लिहून दाखवायचंय त्यांना. पेन त्यांच्या हातात देते आहे. यापुढचं अक्षर बाबांचं –