मावशीची एकुलती एक माशी

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माशीचं कूळ डोक्यावरून ओळखावं, पाय काय सगळ्यांनाच असतात, असं तू मला मी नऊ वर्षांची असताना सांगितलं होतंस. स्टुलावर उशी ठेवून मी तुझ्या सूक्ष्मदर्शकात बघत होते. आज एका पायानेच घोळ घातलाय.

अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांचा आम्ही डीएनएवरून वंशवृक्ष मांडतोय. कोण कोणाची सख्खी, कोण चुलत. एकशे बारा जणी शहाण्यासारख्या आपापल्या फांदीवर बसल्या. तुझी मात्र, जगात जिचा एकच नमुना आहे आणि जिला तू तीस वर्षांपूर्वी नाव दिलंस ती, भलत्याच फांदीवर गेली. तू पाठवलेला पाय म्हणतो, ही कोबीच्या कुठल्याही वाफ्यात सापडणारी साधी माशी आहे. दोनदा तपासलं. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणतात, असं असेल तर ती प्रजाती यादीतून जाणार.

रागावू नकोस ना.
तुझी टाचणी

दि. ११ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

रागावले आहे. तू कामाच्या टेबलावरच डबा उघडतेस, हे तुझ्या आईनेच मला सांगितलंय. उद्या माझी माशी बटाट्याच्या कुळात निघाली तरी नवल नाही.

आयुष्यभरात माझ्या नावावर ही एकच माशी. निवृत्तीनंतरही संग्रहालयातल्या तिच्या कपाटाची किल्ली मी स्वतःकडे ठेवली, ती काही उगाच नाही. सोबत तिच्या मिशीचा तुकडा पाठवते. मिशी डोक्यावर असते, विसरली नसशील. हात धुऊन कामाला लाग.

आशीर्वाद आहेतच, रागासकट.
मावशी

दि. २९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हात तीनदा धुतले. मिशी तू म्हणालीस त्याच घराण्यातली निघाली, आणि पाय कोबीवालीचाच. म्हणजे डोकं एकीचं, धड दुसरीचं! नमुन्याचा जुना फोटो मोठा करून पाहिला, तर मानेपाशी डिंकाचा ठिपका चमकतोय.

मी आणि आई पोट धरून हसलो. मग लक्षात आलं, तुझी प्रजाती मुळात नव्हतीच. पण तू काळजी करू नकोस. लेखात मी एवढंच घातलंय की पूर्वी कोणीतरी नमुना चिकटवलेला दिसतो. बाईंनाही ते चाललंय.

माया आहे तशीच ठेव.
टाचणी

दि. ५ एप्रिल

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तो कोणीतरी म्हणजे मी. नव्या माश्या पाहायला मोठे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते आणि मला सणसणीत सर्दी. शिंकले. टेबलावरच्या दोन माश्यांची डोकी उडाली. एक कागदावर सापडलं, दुसरं कायमचं गेलं. सापडलेलं हिचंच, असं स्वतःला पटवलं आणि सुईच्या टोकाने डिंक लावला. साहेब म्हणाले, असं डोकं आणि असे पंख त्यांनी एकत्र कधी पाहिले नव्हते. पाहणार कुठून! त्या कौतुकात मी नाव देऊन मोकळी झाले. पुढे कधी शंका आली, की किल्ली आणखी घट्ट धरायचे. तू पाय मागितलास तेव्हा वाटलं, एकदाचं कळू दे. मिशी पाठवताना मात्र अजून आशा होती.

आईला खुशाल हसू दे. काल मला शिंक आली, तेव्हा मीसुद्धा आधी डोकं जागेवर आहे का ते चाचपलं.

पण टाचणे, त्या खोलीत तेव्हा आम्ही तिघं बसायचो. चित्रं काढणारे काका आता नाहीत. नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारी माझी मैत्रीण अजून दर रविवारी फोन करते. कोणीतरी म्हटलंस की ते दोघंही त्यात आले. तेवढा शब्द काढ आणि तिथे माझं पूर्ण नाव घाल, शिंकेसकट. तू नाहीच म्हणणार. हट्टात आईच्या वळणावर गेली आहेस. तरी मागते. लोभ थोडा घटला तरी चालेल, पण एवढं कर.

मावशी