सतराव्या भागातला जिना

सोमवार, ११ नोव्हेंबर

पकडले गेले. वाहिनीवर पुन्हा लावायच्या जुन्या कार्टूनचा सतरावा भाग मी आवाज बंद ठेवून तपासला होता आणि फॉर्मवर 'दाखवा'च्या चौकटीत खूण केली होती. चित्रात वावगं काहीच नव्हतं — एक शेठ, एक नोकर, एक मांजर. गेल्या रविवारी भाग लागला. आज मोठ्या बाईंच्या टेबलावर तक्रार! नोकर खोऱ्यातल्या लोकांसारखा हेल काढून बोलतो आणि सगळा विनोद तेवढ्यावरच आहे, असं पत्रात आहे.

आवाज का बंद ठेवला? कारण त्या नोकराचा आवाज बाबांचा आहे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज कानावर पडला की माझं कामात चित्त राहत नाही. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नाही.

मंगळवार, १२

बाईंना खरं ते सांगून टाकलं. वाटलं होतं फैलावर घेतील. पण शांतपणे म्हणाल्या, "मग तर तुम्हीच ऐका. दुसऱ्या कुणी भाग बंद केला, तर जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडाल."

शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. तीन चौकटी — दाखवा, कापून दाखवा, ठेवून द्या. 'ठेवून द्या' म्हणजे फीत तळघरात, आणि तिथून आजवर एकही वर आलेली नाही. बाबांची ही एकुलती एक मोठी भूमिका. बाकी सगळीकडे ते गर्दीतला माणूस, नाहीतर कुत्रं. ही पण गेली की बाबांचं उरणार काय?

आईला काही बोलले नाही. ती स्वतः खोऱ्यातली, पण तिच्या बोलण्यातून कुणाला पत्ता लागायचा नाही. इतकं छापील बोलते की बाबा आणि मी तिला चिडवायचो — आई जेवायला हाक मारत नाही, बातम्या देते.

बुधवार, १३

ऐकला. हसले. काय करू, आलंच हसू! नोकर जिना चढताना प्रत्येक पायरी मोठ्याने मोजतो. "एऽऽक… दोऽऽन…" अकरावर आला की पुढचा आकडा विसरतो, मग खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. आवाज बंद असताना मला नुसता एक माणूस खालीवर करताना दिसला होता. बाबांनी त्या हेलात काय जीव ओतलाय!

पुन्हा लावला, तेव्हा हसू आलं नाही. शेठ विचारतो, "तुमच्या खोऱ्यात डोकी उगवत नाहीत का रे?" आणि मागून हशा. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी हेच वाक्य मला म्हणाली होती, तिला आई कुठली ते माहीत होतं. मी रडत घरी आले. बाबा खूश — "बघ, वाक्य गाजतंय." आई शेंगा सोलत होती. ती काय म्हणाली ते काही केल्या आठवत नाही.

गुरुवार, १४

तळघरात फीतवाल्या काकांकडे जाऊन आले. ते बाबांच्या वेळेपासून तिथे आहेत. म्हणाले, "तुझ्या बाबाने जिन्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओ डोक्यावर घेतला होता. आमची पोटं दुखली हसून. मी विचारलं, कुणाची नक्कल केलीस रे? तर म्हणाला, घरचाच माल आहे."

मला बरं वाटलं. अंगचीच कला, असं म्हणायचं असेल त्यांना.

वर येऊन पत्र पुन्हा वाचलं. टाइप केलेलं, खाली नाव नाही. कुणी बाई आहे. "तो जिना लागला की आमच्या घरात सगळे हसायचे. मीही हसायचे. आता घरात हसणारं कुणी नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मला तो पुन्हा ऐकायचा नाही."

'कापून दाखवा' करू का? पण जिना कापला तर मागे मांजर उरेल.

शुक्रवार, १५

'ठेवून द्या'. खूण केली. बाईंनी सही केली. त्या पत्रातल्या बाईपेक्षा माझे बाबा मोठे कसे म्हणायचे? पण फार वाईट वाटतंय. आपल्याच हाताने त्यांना तळघरात ठेवून आल्यासारखं.

संध्याकाळी आईला सांगितलं. मनाची तयारी केली होती की ती रडेल, मला बोलेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "पूर्ण भाग?" म्हणाली. पूर्ण, म्हटलं. "बरं," म्हणाली आणि उशीचे अभ्रे वेगळे काढायला लागली.

शनिवार, १६

बाबांच्या फोटोकडे बघवत नाही.

रविवार, १७

सकाळी चहा पुढ्यात ठेवून आई म्हणाली, "पत्र मी पाठवलं होतं."

मला का नाही सांगितलंस, विचारलं. "तू त्यांची मुलगी म्हणून ऐकलं असतंस. लग्न होऊन इथे आले, तेव्हा एवढा उंच जिना पहिल्यांदा पाहिला. पडायची भीती वाटायची, म्हणून मोजत चढायचे. मग ते कार्टून लागलं. तेव्हापासून नाही मोजला."

नंतर ती दूध आणायला खाली गेली. मी दारातच उभी राहिले. येताना जिन्यात तिचा आवाज आला, हेल काढून, सावकाश. अकरा झाले. बारा म्हणाली, तेरा म्हणाली, आणि वर आली.