वकील चांगला पाहिजे

४ फेब्रुवारी
बँकेची तिसरी नोटीस. भाषा उद्धट. ठरवलं, दिवाळखोरीचा अर्ज करायचा. मोठमोठ्या कंपन्या करतात, त्यात लाज कसली? ड्रायक्लीनिंगचं दुकान बुडालं, कारण माझं मशीन काळाच्या फार पुढचं होतं. उद्या नऊच्या ठोक्याला वकील शोधायला बाहेर. बायकोला एवढ्यात सांगायचं नाही.

५ फेब्रुवारी
इस्त्रीचा शर्ट सापडला नाही. तोही माझ्यासारख्या लॉन्ड्रीवाल्याला! निघणं रद्द.

६ फेब्रुवारी, दु. १२
कोर्टासमोरच्या गल्लीत एका जिन्यात सतरा पाट्या. 'दिवाळखोरी' एकीवरच, पण इतकी ठळक की खाली उभं राहायची चोरी. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक समोरून आलं. झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. शिरलोच आहे तर लायसन्सच्या चार प्रती काढल्या. लागतीलच.
ताईचे दोन मिस्ड कॉल. मशीनच्या कर्जाला तिचं घर तारण आणि ती जामीन, म्हणून जरा घाबरते. काम फत्ते झालं की करीन फोन.

९ फेब्रुवारी
पहिला वकील. फोनवर म्हणालो, एका मित्राची केस आहे. म्हणाला, मग मित्रालाच पाठवा. शेवटी मीच गेलो. मूळचा घटस्फोटवाला निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बायकोचा काही त्रास? नाही म्हटल्यावर त्याचा रसच संपला.

१३ फेब्रुवारी
दुसरा वकील, स्वस्तातला. निम्मी फी आगाऊ. मी चेकबुक काढलं तर खो खो हसला. म्हणाला, साहेब, दिवाळखोराचा चेक घ्यायला मी काय काल वकील झालो? अशा उथळ माणसाच्या हाती माझी केस देणं शक्य नाही. रोख नव्हतीच, पण तो मुद्दा वेगळा.

१६ फेब्रुवारी
भावोजींनी बायकोला फोन केला. बँकेची माणसं ताईच्या दारावर नोटीस चिकटवून गेली. शेजारीपाजारी बघत होते म्हणे. बायको भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवताना एवढंच म्हणाली, ताईंकडे जाऊन या.
जाईन ना. पण हात हलवत कसा जाऊ? म्हणालो, वकील ठरवूनच जाईन.

१९ फेब्रुवारी
तिसऱ्या वकीलबाई. नाव मोठं, ऑफिस नेटकं. त्या कोर्टात होत्या, कारकुनाने फॉर्म दिला. मालमत्ता : मशीन एक, हँगर अडीचशे, गुडविल अमूल्य. 'जामीनदार' हा रकाना कोरा सोडला. घरच्या माणसांना यात कशाला ओढायचं! कारकून म्हणाला, हे भरावंच लागेल. तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही, बँक त्याच्या मागे लागते. शेवटी ताईचं नाव लिहिलं. अक्षर जरा बारीक आलं. कारकुनांना कायद्यातलं काय कळतं? बाईंशीच बोलेन.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११
बाईंच्या ऑफिसात पोचलो तर बाकावर ताई आणि भावोजी. मन भरून आलं. शेवटी रक्ताचं नातं! बायकोनेच कळवलं असणार. म्हणालो, अगं, कशाला एवढी धावपळ? मी आहे ना. मांडीवरची फाइल ताईने दोन्ही हातांनी धरली होती. भावोजी भिंतीकडे बघत राहिले.
कारकून माझा फॉर्म घेऊन आत गेला, बाहेर आला. म्हणाला, मॅडमना तुमचं काम घेता येणार नाही. या ताईंनी सोमवारीच वकीलपत्र दिलंय. तुमची बाजू आणि त्यांची बाजू एका वकिलाकडे चालत नाही.
ताई उठली. दारापाशी थांबून म्हणाली, घर वाचतंय का बघते. तू दुसरं कोणीतरी बघ.

दु. २
बायकोने विचारलं, मिळाला का चांगला वकील?
म्हणालो, मिळाला. ताईला.